बेळगाव ते लंडन ७,६०६ किलोमीटर: विमानाचं अंतर सांगणाऱ्या साइट्स कितपत कामाच्या?

दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि वेळ लगेच सांगणाऱ्या साइट्स ढिगानं आहेत. एका खान्यात बेळगाव, दुसऱ्यात दुबई टाकलं की २,२५७ किमी आणि साधारण तीन तास वीस मिनिटं असं उत्तर येतं. दुबईच्या जागी लंडन टाकलं तर ७,६०६ किमी, दहा तास. गणित म्हणून दोन्ही आकडे बरोबर आहेत. अडचण एवढीच की सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, यातल्या कुठल्याच शहराला विमान नाही. साइट ते सांगत नाही, कारण तिला फक्त नकाशावरचे दोन ठिपके कळतात. मधलं मुंबईचं टर्मिनल आणि गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट तिच्या हिशेबात नसतो. त्यामुळं या साइट्स बेळगावकराच्या कामाला कुठपर्यंत येतात आणि कुठून पुढं कागद-पेन घेऊन आपणच बसायचं, हे पाहायला हवं.

अंतर काढायची सगळ्यांची रीत एकच. पृथ्वीच्या गोलावर दोन जागांमध्ये दोरा ताणून धरला तर तो जसा बसेल ते सर्वांत जवळचं अंतर. इंग्रजीत त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. सपाट नकाशावर हीच रेघ कमानीसारखी वर वाकलेली दिसते, म्हणून लंडनचं विमान ‘उगाच उत्तरेला वळसा घालतं’ असं वाटतं. वळसा वगैरे काही नाही, नकाशाच चपटा आहे. बऱ्याच साइट्स पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा अगदी वाटोळा चेंडू धरतात. खरी पृथ्वी विषुववृत्तावर ६,३७८ आणि ध्रुवांवर ६,३५७ किमी आहे. काही साइट्स हा चपटेपणा धरतात, काही धरत नाहीत, आणि त्यानं जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडतो. म्हणजे लंडनच्या अंतरात दोन साइट्समध्ये दहा-वीस किमीचा फरक दिसला तर कुणीच चुकलेलं नाही. दशांश चिन्हानंतर दोन आकडे छापणारी साइट जास्त अचूक, असंही नाही. फरक शंभर किमीच्या वर गेला तर मात्र थांबा. तिथं बहुतेक वेळा शहर किंवा विमानतळाचा कोड चुकलेला असतो.

कोडांचा घोळ आपल्या भागात जरा जास्तच होतो. सांबरा विमानतळाचा कोड आयएक्सजी. शहराचं सरकारी नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून बदललं, पण काही तिकीट साइट्सवर जुनं इंग्रजी नाव आहे, काहींवर नवं. आपण घरात बेळगावच म्हणतो, पण शोधताना नावाच्या भानगडीत न पडता कोडच टाकावा. गोव्याला दोन विमानतळ आहेत: दाबोळी म्हणजे जीओआय आणि मोपा म्हणजे जीओएक्स. दोघांमध्ये रस्त्यानं साठेक किलोमीटर आहेत आणि नुसतं ‘गोवा’ टाकलं की साइट यातला कुठलाही धरते. हैदराबाद टाकताना तर फार जपावं लागतं, कारण सिंधमध्येही हैदराबाद आहे. नावावर चालणाऱ्या साइट्स कधी आपल्या हैदराबादच्या शमशाबाद विमानतळाऐवजी तिथून अंतर मोजतात. बर्मिंगहॅमला शिकायला जाणाऱ्यांनी इंग्लंडचं बीएचएक्स टाकावं. बीएचएम म्हणजे अमेरिकेतलं अलाबामा. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड असे विमानतळ आहेतच, शिवाय कॅनडातही एक लंडन आहे.

एककांचंही तसंच. मुंबई ते हीथ्रो ७,२१२ किमी म्हणजे ४,४८१ साधे मैल आणि ३,८९४ सागरी मैल. वैमानिकांची दुनिया सागरी मैलात चालते (१ सागरी मैल = १.८५२ किमी) आणि काही साइट्स नुसतं ‘मैल’ लिहून मोकळ्या होतात. एकाच प्रवासाचे तीन आकडे दिसले तर आधी एकक बघा.

कुठल्याही साइटची घरबसल्या तपासणी करता येते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किमी. रेखांशाचा एक अंश आपल्या पट्ट्यात साधारण १०७ किमी. सांबरा आहे १५.८६ उत्तर, ७४.६२ पूर्व, मोपा १५.७४ उत्तर, ७३.८६ पूर्व. अक्षांशात फरक ०.१२, म्हणजे १३ किमी. रेखांशात ०.७६, म्हणजे ८१ किमी. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: ८२ किमी. पाच-सातशे किमीपर्यंत ही शाळेतली रीत चालते, त्यापुढं गोलाईमुळं चूक वाढत जाते.

अंतराच्या कामासाठी सगळ्यांत भरवशाची साइट ग्रेट सर्कल मॅपर. दिसायला जुनाट, रंगरूप वीस वर्षांपूर्वीचं, पण तीन कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाकले की प्रत्येक टप्प्याचं अंतर, बेरीज आणि नकाशावरची रेघ एकदम देते. आयएक्सजी-बीओएम-एलएचआर असं टाका (अर्थात इंग्रजी अक्षरांत; बीओएम म्हणजे मुंबई, एलएचआर म्हणजे हीथ्रो) आणि बाजूला आयएक्सजी-एलएचआर टाकून तुलना करा. तिथं बेळगावकरांसाठी एक भारी गोष्ट उघड होते. सांबरा ते मुंबई ४०४ किमी आणि मुंबई ते हीथ्रो ७,२१२, बेरीज ७,६१६. थेट अंतर ७,६०६. म्हणजे मुंबईमार्गे फक्त १० किमी जास्त! मुंबई आपल्या लंडनच्या सरळ रेषेवरच बसली आहे. बेंगळुरूमार्गे गेलात तर ४४५ आणि ८,०४६ मिळून ८,४९१ किमी, म्हणजे सुमारे ८८५ किमी फुकटचे. आधी उलट्या दिशेला जायचं आणि मग त्याच डोक्यावरून परत यायचं, हा द्राविडी प्राणायाम. दुबईलाही हाच हिशेब: मुंबईमार्गे २,३३० किमी, हैदराबादमार्गे २,९८१, बेंगळुरूमार्गे ३,१४०.

एवढं बघून कुणीही म्हणेल, मुंबईच घ्यायची. पण घोडं पेंड खातं ते इथंच. बेंगळुरूचे ते जादा ८८५ किमी विमानात जेमतेम तासभर खातात. मुंबईत चुकीच्या टर्मिनलवर उतरलात किंवा सहा तास ताटकळलात तर तो तास वाचून काहीच हाती लागत नाही. आपल्यासारख्या आडगावच्या विमानतळावरून निघणाऱ्यानं मोजायची गोष्ट म्हणजे दोन विमानांमधलं अंतर, आणि तेही तासांत. दोन शहरांमधले किलोमीटर त्यानंतर. ग्रेट सर्कल मॅपर याबाबत काहीच बोलत नाही, आणि बोलण्याचा आवही आणत नाही. म्हणून तिला पाचपैकी साडेचार.

आता वेळेकडे. नाव टाकून वेळ सांगणाऱ्या बहुतेक साइट्सचा हिशेब अगदी ढोबळ असतो: अंतराला ताशी ८०० किमीनं भागायचं आणि चढ-उताराला अर्धा तास मिळवायचा. मुंबई–दुबई १,९२६ किमी, त्याचे दोन तास चोवीस मिनिटं अधिक तीस, म्हणजे २ तास ५४ मिनिटं. विमान कंपनीच्या वेळापत्रकात मात्र जाताना सव्वातीन तासांच्या आसपास दिसतात. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. वेळापत्रकात असतो तो ब्लॉक टाइम, म्हणजे चाकाखालची अडसर काढून विमान गेटवरून हललं तिथपासून ते दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत रेंगाळणं, हवेत घिरट्या घालत थांबणं आणि उशीर दिसू नये म्हणून कंपनीनं राखलेली थोडी ‘गादी’ असते. मुंबईत तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या वेळी विमान वेळेत सुटूनही वीस मिनिटं जमिनीवर उभं राहतं, त्याचं कारण हेच. मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर डागडुजीसाठी धावपट्ट्या काही तास बंद ठेवतात. त्या दिवसाची तारीख आधी जाहीर होते, ती बघून तिकीट काढावं.

जाताना आणि येताना वेळ वेगळी का, हा नेहमीचा प्रश्न. वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावरून दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वारा वाहतो आणि त्याचा वेग कधी कधी ताशी २०० किमीच्याही वर जातो. सगळ्या वाटेवर तो तसाच नसतो, पण सरासरी ५० किमीचाच धरून पाहा. ताशी ९०० किमीनं उडणारं विमान लंडनला जाताना जमिनीच्या हिशेबात ८५० नं सरकतं आणि येताना ९५० नं. ७,२१२ किमीला जाताना साडेआठ तास, येताना ७ तास ३५ मिनिटं. फरक झाला ५४ मिनिटांचा, तोही नुसता हवेतला. अंतर मोजणाऱ्या साइट्स जाण्या-येण्याला एकच वेळ दाखवतात. ही त्यांची सगळ्यांत मोठी उणीव आहे आणि ती इतक्या वर्षांत कुणी दुरुस्त केलेली दिसत नाही.

दुसरी उणीव आकाशातल्या बंद दारांची. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि नंतर मुदत महिन्या-महिन्यानं वाढवत नेली. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत तिथलं आकाश बहुतांश बंद होतं. अशा वेळी भारतीय कंपनीचं मुंबई–लंडन विमान अरबी समुद्रावरून आखाताकडं वळून जातं आणि वेळ वाढते. दिल्लीच्या मानानं मुंबईला फटका कमी बसतो, कारण ती मुळात दक्षिणेला आणि समुद्राला लागून आहे. २०२५ ची बंदी परदेशी कंपन्यांना नव्हती. म्हणून एकाच मार्गावर, एकाच आठवड्यात, दोन कंपन्यांच्या वेळेत तासाभराचा फरक दिसू शकतो. अंतर सांगणारी साइट मात्र ७,२१२ वरच ठाम.

खरी वेळ बघायची तर फ्लाइटरडार२४ वर विमानाचा क्रमांक टाकावा. मागच्या सात दिवसांत ते विमान ठरल्या वेळी सुटलं का, कधी उतरलं, याची यादी फुकट मिळते. तिथं सरासरी पाहू नका, सगळ्यांत वाईट दिवस पाहा. सांबऱ्याहून मुंबईला जाणारं विमान सातपैकी दोन दिवस तासभर उशिरा पोहोचत असेल, तर पुढच्या विमानाला तो तास धरूनच वेळ ठेवायची. जून ते सप्टेंबर यात आणखी भर घाला: सांबरा समुद्रसपाटीपासून ७५८ मीटर उंचीवर आहे, पावसाळ्यात ढग खाली उतरतात, दिसेनासं होतं आणि छोटं विमान उतरू न शकता दुसरीकडं वळवलं जातं.

तिकिटासाठी गूगल फ्लाइट्स बरं आहे, कारण ते मधल्या थांब्यासह एकूण वेळ दाखवतं. मात्र तिथल्या घड्याळाच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. दुबई आपल्या दीड तास मागं. पहाटे ४:३० ला मुंबई सोडून ६:१५ ला दुबईत उतरणारं विमान पावणेदोन तासांचं नसतं, सव्वातीन तासांचं असतं. येताना उलट: रात्री १० ला निघून २:३५ ला मुंबई, दिसायला ४ तास ३५ मिनिटं, खरे ३ तास ५ मिनिटं. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागं आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. वेळेच्या शेजारी बारीक अक्षरात +१ दिसलं तर उतरण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची. आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक मध्यरात्रीनंतरच्या विमानांची आहे. तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० असेल तर घरातून १४ लाच निघायचं आहे, आणि रात्रीच्या बसनं जायचं असेल तर १३ ला. आखाताची आणि युरोपची पुष्कळ विमानं मुंबईहून मध्यरात्र ते पहाट या वेळेतच सुटतात, त्यामुळं ही चूक दरवर्षी कुणी ना कुणी करतंच.

आता तिकीट एकत्र की वेगळं. सांबरा–मुंबई एका कंपनीचं आणि मुंबई–दुबई दुसऱ्या कंपनीचं, असं वेगवेगळं काढलं की स्वस्त दिसतं. गूगल फ्लाइट्सवर अशा ठिकाणी आपलं आपण बदलायचं अशी सूचना असते, ती वाचल्याशिवाय पुढं जाऊ नये. दोन पीएनआर (तिकिटाचे बुकिंग क्रमांक) म्हणजे दोन वेगळे करार. पहिलं विमान रद्द झालं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, पैसे बुडाले. सामान मुंबईत पट्ट्यावरून काढून पुन्हा द्यावं लागतं. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोची मुभा, परदेशीला २० ते ३० किलो. म्हणजे तीस किलोची बॅग घेऊन निघालेल्याला पहिल्याच टप्प्यावर पंधरा किलोचे जादा पैसे मोजावे लागतात. ते पैसे धरून पाहिलं तर स्वस्ताई बहुतेक वेळा उडूनच जाते. एकाच पीएनआरवर सामान शेवटपर्यंत जातं. चेक-इनला चिकटवलेल्या पट्टीवर शेवटच्या विमानतळाचा कोड आहे ना, तेवढं काउंटरवरच बघून घ्यावं.

स्टार एअर कंपनीची सांबऱ्याला येणारी विमानं छोटी: एम्ब्राएर १४५ पन्नास जागांचं, एम्ब्राएर १७५ शहात्तर जागांचं. १४५ मध्ये एका बाजूला एकच आसन आणि दुसऱ्या बाजूला दोन, सामानाचा कप्पा फक्त दोन आसनांच्या बाजूला. हातातली मोठी ट्रॉली त्यात मावत नाही, ती विमानाच्या पोटात जाते. लॅपटॉप, पासपोर्ट, औषधं आधीच वेगळ्या पिशवीत काढून ठेवलेली बरी. कुंद्याचा डबा चेक-इनच्या बॅगेत टाका, लेप किंवा पेस्टसारखा पदार्थ म्हणून तो सुरक्षा तपासणीत अडू शकतो.

ही उड्डाणं ‘उडान’ योजनेच्या आधारानं सुरू झाली आणि त्या योजनेतली आर्थिक मदत एका मार्गाला तीन वर्षांपुरतीच असते. म्हणून सांबऱ्याचं वेळापत्रक स्थिर नाही: मार्ग सुरू होतो, वार बदलतात, कधी बंद पडतो. सहा महिने आधी परदेशाचं तिकीट काढताना सांबऱ्याच्या टप्प्यावर अख्खा डाव लावू नये. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीच्या एक्वस कारखान्यात एअरबसच्या विमानांचे भाग तयार होतात आणि त्याच जिल्ह्यातल्या माणसाला मोठं विमान गाठायला रात्रभर बस धरावी लागते, हे आमच्याकडचं वास्तव आहे.

मुंबईत पोहोचल्यावरचा सापळा टर्मिनलचा. टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला, टर्मिनल २ सहारला. परदेशी विमानं २ वरून. मध्ये चार-पाच किलोमीटर रस्ता आणि मुंबईची रहदारी, म्हणजे वीस मिनिटंही लागतात आणि पाऊण तासही. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, कोड एनएमआय. तिकीट साइट दोघांनाही ‘मुंबई’च म्हणते. नवी मुंबईला उतरून सहारहून पुढचं विमान धरायचं म्हणजे ३५ ते ४० किमीचा रस्ता, बॅगा घेऊन, दीड-दोन तास. तिकीट काढताना उतरण्याचा आणि निघण्याचा कोड एकच आहे का, हे पैसे भरायच्या आधी पाहा. एकाच टर्मिनलवर आणि एकाच पीएनआरवर असाल तर तीन तास पुरतात, टर्मिनल बदलायचं असेल तर चार. वेगळी तिकिटं असतील तर सहापेक्षा कमी ठेवू नयेत, पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच गेलेलं चांगलं. परदेशी विमानाचा चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, त्यानंतर हातापाया पडून उपयोग नसतो. बेंगळुरूत हीच अदलाबदल सोपी आहे: टर्मिनल १ आणि २ एकाच आवारात, मध्ये शटल बस. म्हणून ते ८८५ जादा किलोमीटर वेडेपणाचे नाहीत. सामान जास्त आणि सोबत वयस्क माणसं असतील तर मीसुद्धा बेंगळुरूच सुचवेन.

राहिला गोवा. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि खानापूर–जांबोटीच्या पट्ट्याला तो मुंबईहून कितीतरी जवळ. सांबऱ्याहून हवेतून ८२ किमी. रस्त्यानं जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी करत ११०–१२० किमी आणि तीन ते साडेतीन तास. पावसाळ्यात घाटात दरड, धुकं आणि खड्डे, म्हणून पाच तास धरावेत. चोर्ला बंद असेल तर आंबोलीमार्गे सावंतवाडी–बांदा किंवा रामनगर–अनमोड, दोन्ही लांबचे. मोपा ते दुबई २,१९४ किमी, साधारण साडेतीन तासांचं उड्डाण. घरापासून हिशेब लावा: रस्ता सव्वातीन, विमानतळावर तीन, उड्डाण साडेतीन, तिकडं इमिग्रेशन आणि सामानाला एक, मिळून पावणेअकरा तास. सांबरा–मुंबई–दुबई: घर ते सांबरा अर्धा, थांबणं दीड, उड्डाण सव्वा, मुंबईत चार, पुढं सव्वातीन, शेवटी एक, म्हणजे साडेअकरा, तेही वेळापत्रक जुळलं तर. न जुळल्यास मुंबईतले चार तास सहज दहा होतात. रात्रीच्या स्लीपर बसनं मुंबई गाठली तर सगळं मिळून एकोणीस-वीस तास, पण पैशानं सर्वांत स्वस्त. गोव्याची खोट एवढीच की तिथून परदेशी थेट विमानं मोजकी, वार ठरलेले आणि मोसमाप्रमाणं बदलणारे. थेट विमान असेल त्या वारी गोवा पहिला. नसेल आणि मोपाहून पुन्हा मुंबईलाच जायचं असेल, तर घाट उतरण्यात काही अर्थ नाही.

निपाणी-चिकोडीकडच्या लोकांचं गणित वेगळं. निपाणीहून कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ चाळीसेक किलोमीटर, सांबरा त्याच्या दुप्पट. त्यांनी शोधताना केएलएच टाकून बघावं. बसनं पुण्या-मुंबईकडं जाणाऱ्यांनी राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या रुंदीकरणाच्या कामांचे दोन तास राखून ठेवावेत. आणि सीमाप्रश्न तापलेल्या दिवसांत एसटी कोगनोळीला अडते, तेव्हा रेल्वे बरी: हुबळी–दादर एक्स्प्रेस रात्रीत दादरला सोडते.

किलोमीटरला खराखुरा पैशाचा अर्थ कुठं येतो, तर उशिराच्या भरपाईत. ब्रिटनच्या नियमात ही भरपाई ग्रेट सर्कलच्या अंतरावर ठरते: ३,५०० किमीपेक्षा लांबचं विमान कंपनीच्या चुकीनं चार तासांहून उशिरा पोहोचलं तर माणशी ५२० पौंड. लंडनहून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला हा नियम लागू. भारतातून लंडनला जाताना फक्त ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनीच्या विमानाला. आपल्याकडं डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम ठरवणारं सरकारी खातं, किलोमीटर न पाहता ब्लॉक टाइम पाहतं. न कळवता विमान रद्द झालं तर तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, त्यावर १०,०००; प्रत्येक वेळी ही रक्कम किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. हवामानामुळं रद्द झालं तर काही नाही, आणि सांबऱ्याला पावसाळ्यात कारण बहुतेक वेळा तेच सांगितलं जातं. रद्द झाल्याचा संदेश, त्यातलं कारण आणि वेळ, यांचा स्क्रीनशॉट तिथल्या तिथं काढून ठेवा.

परतीला मुंबईत जास्त वेळ लागतो, हे कुठलीच साइट दाखवत नाही. परदेशातून येताना सांबऱ्यापर्यंत एकच तिकीट असलं तरी भारतात पहिल्यांदा उतरता तिथंच सामान पट्ट्यावरून घ्यायचं, कस्टम्स पार करायचं आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा जमा करायचं. इमिग्रेशनची रांग, सामान आणि पुन्हा सुरक्षा तपासणी मिळून दोन ते अडीच तास जातात. सांबऱ्याचं त्या दिवसाचं विमान हुकलं तर त्याच दिवशी दुसरं मिळेलच असं नाही. तेव्हा विमान चुकतंय असं दिसलं की संध्याकाळी सातच्या आत सायन किंवा चेंबूरहून सुटणारी स्लीपर बस फोनवरच ठरवून टाका. शुक्रवारी आणि गणपती-दिवाळीच्या आधी ती जागासुद्धा दुपारपर्यंत संपलेली असते.